माईंचे ठिपके

"बाहेरूनच हाक मार. उंबरा ओलांडू नकोस, भिंतीला हात लावू नकोस. ठिपका मी लावते."

माईंचं हे सांगणं मी नऊ वर्षं दर महिन्याला ऐकलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून मी "माई" एवढंच म्हणायचे. माझ्या सासूबाई पदराला हात पुसत यायच्या, फ्रिजशेजारच्या कॅलेंडरापाशी जायच्या, खिळ्याला दोऱ्याने बांधलेलं लाल बॉलपेन घ्यायच्या आणि त्या तारखेच्या चौकोनात एक ठिपका काढायच्या. मग रोज एक, मी न्हाऊन घरात येईपर्यंत. घरातलं कुठलंही धर्मकार्य माझ्या ठिपक्यांवर पडू नये म्हणून ही व्यवस्था. कॅलेंडरवर इतरही पुष्कळ असे. गॅसची टाकी कधी लावली, सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी, दूधवाल्याचा खाडा. दूधवाल्याचा खाडा आणि माझा ठिपका एकाच चौकोनात आला तर माई ठिपका वर काढायच्या आणि खाडा खाली. एवढा मान मला होता.

तासगावात आमचं स्लॅबचं चार खोल्यांचं घर. मागे न्हाणीघराला लागून पत्र्याची एक खोली होती. तिच्यात सरपण, जुनी सायकल आणि महिन्याच्या त्या दिवसांत मी. एक सतरंजी, एक तांब्या, एक ताट. गावात बाकी कुणाकडे हे उरलं नव्हतं. आमच्याकडे उरलं होतं आणि माईंना त्याचा अभिमान होता. शेजारच्या कमलकाकू म्हणायच्या, "अजून पाळता बाई तुम्ही, धन्य आहे." धन्य माई व्हायच्या. खोलीत मी असायचे.

मी मुळातच नेमाची. रोज तुळशीला पाणी, विष्णुसहस्रनाम, गुरुवारी एकवेळ जेवण, आणि रोज शंभर याप्रमाणे लक्ष वातींचा संकल्प सोडलेला. हिशेबाने तो पावणेतीन वर्षांत पुरा व्हायला हवा होता. चौथं वर्ष लागलं तरी होत नव्हता, कारण खोलीत कापसाला हात लावायचा नाही. तिथे मनातल्या मनात नाम घ्यायचे. नामाला विटाळ नसतो हे माईंनाही ठाऊक होतं, म्हणून त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. नाम घेता घेता सतरंजीचा कोपरा दातात धरायचे. तो कोपरा पुढे पुढे झिजून फाटला.

दुखणं काय होतं ते मी त्या वेळी कुणाला सांगू शकत नव्हते. पोटात कुणीतरी ओलं कापड पिळतंय आणि पिळणारा दमतच नाही, असं काहीतरी. पाठ, मांड्या, संडासला बसणंसुद्धा नको व्हायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एकदा मोठ्याने कण्हले, तर माई दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "शेजारी ऐकतात. बाळंतपणाच्या कळा असत्या तर मीच म्हटलं असतं, ओरड म्हणून." त्यानंतर मी ओरडले नाही. तशीही मी हळू बोलणारी. हळू बोलणाऱ्याचं लोकांना ऐकू येत नाही असं नसतं. ऐकू न येणं ही त्यांची सोय असते.

आमचे जुने डॉक्टर नाडी बघून म्हणायचे, मूल झालं की थांबेल. मूल होत नव्हतं ते याच दुखण्यापायी. म्हणजे विहिरीत पडलेल्याने आधी घरी जाऊन दोर आणावा, अशातली गत. पण ते सांगत आणि घरातले सगळे माना डोलवत. माझे यजमान सगळ्यांत जास्त. त्यांचं पुस्तकांचं आणि वह्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी तास तास बोलत. घरात त्यांचं प्रत्येक वाक्य "माई म्हणते" इथून सुरू होई आणि बहुतेक तिथेच संपे.

माझ्या नणंदेचं, सुलभावन्संचं, बिऱ्हाड नवऱ्याच्या बदल्यांमुळे सारखं हलायचं. म्हणून त्यांची ऋजुता आठवीपासून आमच्याकडे शाळेला होती. एके दिवशी तीही उंबऱ्याबाहेर उभी राहिली. माईंनी निळं पेन आणून त्याच खिळ्याला बांधलं. लाल सून, निळी नात.

ती पहिल्यांदा त्या पत्र्याच्या खोलीत माझ्याशेजारी झोपली तेव्हा तिचं तेरावं सरत होतं. दुपारी बघते तर गुडघे छातीशी घेऊन पडलेली. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"मामी, तुलाही असंच होतं?"

"हो."

"मग हे असंच असतं?"

मी म्हटलं, "असंच असतं. सवय होते."

सोज्वळ आवाजात, तिच्या केसांवरून हात फिरवत म्हटलं. माझ्या तोंडून त्या दिवशी माई बोलल्या. आजवर मी जी काही पापं केली असतील त्यांची मला फारशी भीती वाटत नाही. त्या वाक्याची वाटते.

पुढे एकदा देवापुढे बसल्या बसल्या मी कोसळले. समईच्या वातीने पदर पेटता पेटता राहिला. समई कलंडली म्हणून माई घाबरल्या आणि मला मिरजेला नेलं. तिथे डॉक्टर मुजावरबाईंनी दुर्बिणीने तपासलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं. एन्डोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं ते बाहेरही उगवतं आणि दर महिन्याला तिथेही रक्त सुटतं. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग गाठी होतात, आतडी चिकटतात. घरी येऊन मी माईंना हे समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आतलं बाहेर आलं. मर्यादा सोडली की असंच होतं." शरीराच्या आतल्या अस्तरालासुद्धा त्यांनी सून केलं.

दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, सहा महिने इंजेक्शनं झाली, वर्षभर बरी राहिले. मग पुन्हा तेच, दुपटीने. त्या चैत्रात मुजावरबाईंनी निरोप दिला की घरच्यांना घेऊन या. मला एकोणतिसावं चालू होतं.

निघायच्या सकाळी मी माळ्यावरून जुनी कॅलेंडरं काढली. माई ती टाकत नसत. मागच्या वर्षी श्राद्ध कोणत्या तारखेला आलं, टाकी किती दिवस पुरली, हे त्यांना बघायचं असे. नऊ वर्षांची होती. ती सगळी मी उचलली, त्यांत खिळ्यावरचं चालू वर्षाचं घातलं, सुरळी करून कापडी पिशवीत ठेवली. माईंनी विचारलं, पिशवीत काय आहे. मी म्हटलं, कागद. खोटं नव्हतं.

मुजावरबाईंच्या खोलीत आम्ही तिघं ओळीने बसलो. बाईंनी आडवळण घेतलं नाही. गाठी दोन्हीकडे पुन्हा झाल्या आहेत, पिशवी आतड्याला चिकटली आहे, आता औषधाने भागायचं नाही. पिशवी काढावी लागेल. एक बीजांडकोश वाचवता आला तर वाचवीन. दुखणं शंभर टक्के जाईल असा शब्द देत नाही, पण आजच्यासारखं राहणार नाही. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मूल होणार नाही यानंतर. ते तुम्हाला कळलंय ना?"

मी मान हलवली. कळायला नऊ वर्षं होती.

माईंनी पदर सावरला. त्यांचं बोलणं तयार होतं. ज्योतिषांनी आश्विनात संततियोग सांगितलाय, गुरू पालटतोय, तेव्हा सहा महिने थांबावं. शिवाय ही पोर मुळात नाजूक, माहेरी लाडावलेली. पाळी काय जगात हिलाच येते? आम्ही नाही सोसली?

"यांचे दिवस किती असतात?" बाईंनी विचारलं.

"चार," माई म्हणाल्या. "बायकांना चारच असतात."

बाईंनी यजमानांकडे बघितलं. ते म्हणाले, "माई म्हणते तसं, चार-पाच."

मी कापडी पिशवी उघडली आणि सुरळी टेबलावर पसरली. कॅलेंडरं पुन्हा गुंडाळली जात होती, म्हणून एका टोकाला बाईंचा पेपरवेट ठेवला. बाई चष्मा लावून वाकल्या. पहिल्या वर्षी चार ठिपके, पाच ठिपके. तिसऱ्या वर्षी सात. पाचव्या वर्षी नऊ. मग मधलं एक वर्ष कमी, इंजेक्शनांचं. आणि चालू वर्षी, माघात अकरा, फाल्गुनात अकरा, चैत्रात बारा. बाई बोटाने मोजत होत्या, ओठ हलत होते. पंख्याने पानं फडफडत होती.

"ही नोंद कुणी ठेवली?"

"आमच्या माईंनी," मी म्हटलं.

"आजी, एवढी नीट नोंद आमच्या नर्सही ठेवत नाहीत."

माईंचा चेहरा क्षणभर खुलला. खरंच खुलला, मी पाहिलं. आपण कशासाठी शाबासकी घेतोय हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "ते मी कार्याच्या सोयीसाठी..." त्यांच्या हातचेच ठिपके होते. कुणाला खोटं पाडणार?

यजमान घसा साफ करून म्हणाले, "तरी माई म्हणतेय तर सहा महिने बघायला काय..."

"सहा महिने तुम्ही बसा त्या खोलीत," मी म्हटलं. "मी दुकान बघते."

आवाज माझा नेहमीचाच होता. मी बाईंना विचारलं, सही कुठे करायची.

बाईंनी कागद पुढे केला, पण त्यांची नजर कॅलेंडरवरच होती. "हे निळे कुणाचे?"

"नातीचे," माई म्हणाल्या.

"वय?"

"पंधरा."

बाईंनी पुन्हा मोजलं. चार. पाच. या महिन्यात आठ. "शाळा बुडते तिची?"

मी म्हटलं, "बुडते."

"आणा तिला. लगेच. पुष्कळ करता येतं या वयात. यांच्यासारखा उशीर करू नका."

माई उठल्याच. पोरीचं दहावीचं वर्ष, आणि उद्या लग्नाची. असल्या दवाखान्यात एकदा फाइल झाली की स्थळं येतात होय? ते आपलं चालतं बायकांचं, असं म्हणत त्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. मी सही केली. शरयू, आणि पुढे सगळं आडनाव. अक्षर बरं आलं होतं.

वैशाखात ऑपरेशन झालं. दवाखान्यात दाखल व्हायला निघाले त्या सकाळी ऋजुता पत्र्याच्या खोलीत होती. मी दारात गेले. ती उठून बसली, भिंतीला टेकली.

"मामी, मला आजी म्हणाली, तू घाबरलीस म्हणून पिशवी काढून टाकतेयस."

"मी तुला एकदा खोटं सांगितलं होतं," मी म्हटलं. "असंच असतं म्हणून. असं नसतं. बरी होऊन आले की मी तुला मिरजेला नेईन."

"आजी सोडेल?"

"मी नेईन म्हटलंय. आजी सोडेल असं नाही म्हटलं."

ती हसली. दुखत असताना माणूस जसं हसतं तसं, अर्धं.

दवाखान्यातलं फारसं सांगण्यासारखं नाही. गुंगीतून उठले तेव्हा शेजारी यजमान होते आणि रडत होते. काय गमावलं म्हणून रडताय ते विचारलं नाही. मला विचारण्याची ताकद नव्हती आणि त्यांना उत्तर द्यायची सवय नव्हती. बाईंनी एक बीजांडकोश वाचवला होता. महिन्याभराने मी बिनआधार चालू लागले. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, आणि पोटात कुणी काही पिळत नव्हतं. जखमेची जागा ओढायची तेवढीच. रोज शंभर वाती सलग वळायला मिळायच्या. मी देवापुढे बसायचे आणि मला रडू यायचं. माई गावाला सांगत, मुलाच्या दुःखाने रडते बिचारी.

गावाला त्यांनी "गाठ काढली" एवढंच सांगितलं होतं. कॅलेंडरवर लाल ठिपके थांबले. पेन मात्र खिळ्याला तसंच लोंबत राहिलं, आणि शेजारचं निळं संपत चाललं. मिरजेचा विषय मी दोनदा काढला. एकदा माई म्हणाल्या, चाचणी परीक्षा होऊ दे. एकदा म्हणाल्या, श्रावण जाऊ दे, सणवार आहेत. सुलभावन्संना मी फोन केला तर त्या म्हणाल्या, "वहिनी, आई बघतेय ना?" पोरगी आईची, आई आजीच्या भरवशावर, आणि आजी कॅलेंडर बघतेय. ताणाताण नको म्हणून मीही वाट बघत राहिले. टाक्यांचं कारण होतं. कारणं मलाही सापडत होती.

श्रावण संपता संपता माईंनी ठरवलं की या ऋषिपंचमीला माझं उद्यापन करायचं.

ऋषिपंचमीचं व्रत कशासाठी असतं ते सगळ्याच बायकांना माहीत आहे. विटाळात नकळत कुठे शिवाशिव झाली असेल तर त्याचं पाप फिटावं म्हणून. पाळी गेली की उद्यापन करून बाई त्यातून सुटते. "सुटलीस तू," माई म्हणाल्या. "आता कसली शिवाशिव आणि कसलं काय. करून टाकू." हळदीकुंकवाची आमंत्रणं करायला कमलकाकूंकडे गेले, तर त्या म्हणाल्या, "एकोणतिसाव्या वर्षी उद्यापन! आम्हाला पन्नाशीपर्यंत कळ काढावी लागली. नशीब असतं एकेकीचं." त्या खवचटपणे बोलल्या की मनापासून, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. बहुधा दोन्ही.

आमच्या गावात पंचमीला गणपतीचा रथ निघतो. माणसं दोरखंड धरून ओढतात, गुलालात रस्ता दिसत नाही, गाव लोटतं. त्यामुळे माईंनी उद्यापन सकाळीच ठेवलं, म्हणजे आलेल्या बायकांना रथ गाठता येईल. मी पहाटे आघाड्याच्या एकशे आठ काड्यांनी दात घासले, न्हाले, रेशमी सोवळं नेसले. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही म्हणून परसातल्या अळू-भोपळ्याची भाजी केली. मला व्रत करायचं होतं. कुणी ढकललं म्हणून नव्हे. सात ऋषींपुढे मला खरंच बसायचं होतं.

ऋजुता चतुर्थीपासून पत्र्याच्या खोलीत होती. घरात गणपती, त्यात उद्यापन. माईंनी तिला बजावलं होतं की दार उघडायचं नाही, आवाज करायचा नाही, बायका यायच्या आहेत.

सुपाऱ्या मांडून पूजा झाली. गुरुजी कहाणी सांगू लागले. एक बाई विटाळशी असताना घरात वावरली, स्वयंपाक केला. त्या पापाने पुढल्या जन्मी ती मुलाच्याच दारात कुत्री झाली. श्राद्धाच्या दिवशी सुनेने तिच्या पाठीत जळतं लाकूड घातलं, आणि ती कुत्री रात्री बैलाजवळ जाऊन...

मागून आवाज आला. दबलेला, लांब. मग पुन्हा एकदा.

बायका वळल्या. कमलकाकू म्हणाल्या, "मागे कुत्रं शिरलंय वाटतं."

मी माईंकडे बघितलं. माईंनी अक्षता मुठीत घट्ट धरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हो. येतं अधूनमधून."

गुरुजींनी पुढे वाचलं. मी हात जोडून शेवटपर्यंत ऐकलं. सात वाणं दिली, सगळ्यांच्या पाया पडले, माईंच्याही. बायका जेवल्या, विडे घेतले, कुंकू लावून घेतलं. बाहेर ढोल सुरू झाले, तशी सगळ्यांना घाई झाली. माई म्हणाल्या, "मी पुढे होते, तू जेवून ये. आज तू मोकळी झालीस." यजमान दोरखंडाला हात लावायला आधीच गेले होते. दार लोटून माई कमलकाकूंबरोबर उतरल्या.

मी खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं. दोन्ही पेनं भिंतीवर हलत राहिली. ऋषीची भाजी एका डब्यात भरली, कॅलेंडराची सुरळी केली आणि सोवळ्यातच मागे गेले.

ऋजुता सतरंजीवर होती. माझ्याच सतरंजीवर. फाटका कोपरा तिच्या दातात होता. मला बघून ती मागे सरकली.

"मामी, शिवू नकोस. तुझं उद्यापन आहे ना?"

"झालं," मी म्हटलं, आणि तिचा हात धरून तिला उठवलं. हात गार होता. तिचा घाम माझ्या रेशमी पदराला लागला. "चप्पल घाल. मिरजेची गाडी अडीचला आहे."

"आत्ता? आजी..."

"आजी रथ बघतेय."

मी तिला डबा धरायला दिला आणि कॅलेंडर काखेत घेतलं. समोरच्या रस्त्याला गुलाल उडायला लागला होता, म्हणून आम्ही मागच्या बोळाने निघालो, हळूहळू, तिला झेपेल तसं.